पाकिटावरची दोन नावं

मागच्या महिन्यात माझा खोकला हटेना, म्हणून नातीनं मला नगरला नेऊन छातीचा फोटो काढला. काढला म्हणजे काय, मी एका पाटीला छाती लावून उभी राहिले, आतली मुलगी म्हणाली, "श्वास रोखा आजी," आणि झालं. आम्ही रिक्षातून घरी पोचेपर्यंत फोटो नातीच्या मोबाइलवर हजर. संध्याकाळी पुण्याचे डॉक्टर त्याच मोबाइलवर बोलायला लागले. त्यांनी माझी छाती तिकडे मोठी करून पाहिली आणि विचारलं, "डाव्या बाजूला वर एक डाग दिसतोय. आजींचा जुना फोटो आहे का?"

नात हसली. म्हणाली, "आजीचा जुना फोटो म्हणजे लग्नातलाच असेल, डॉक्टर."

मी उठले आणि कपाटातून पाकीट आणलं. तपकिरी, कडा झिजलेलं, आत दोन काळ्या फिल्मा. नातीनं त्या खिडकीच्या काचेवर धरून त्यांचे फोटो पाठवले. डॉक्टर म्हणाले, "अगदी तसाच आहे. जुना व्रण आहे, काळजी नको." खोकल्याचं औषध सांगितलं आणि पडद्यावरून गेले. पाच मिनिटांचं काम. मला मात्र दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. ज्या पाच मिनिटांच्या कामासाठी मी एक कान आणि एक माहेर घालवलं, ते असं चहा निवायच्या आत झालेलं बघवत नव्हतं.

नातीनं विचारलं, "पाकिटावर दोन नावं का गं? आणि अक्षरंही दोन?" तोंडी सांगायला गेले असते तर भलतंच काहीतरी बोलून बसले असते, म्हणून लिहून काढते आहे. दवाखान्याच्या खिडकीत 'आधी काही आजार?' असं विचारल्यावर जे कुणी मान हलवून 'नाही' म्हणतात, त्यांनीही वाचावं.

फोटोची गाडी

एकाहत्तर-बाहत्तरचा गळीत हंगाम असेल. राहुरीजवळच्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत आम्ही राहत होतो. आम्ही म्हणजे मी, माझे यजमान आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्या म्हणायची. हे वजनकाट्यावर कारकून होते. उसाच्या गाड्या यायच्या, काटा जे दाखवील ते हे लिहायचे. गाडीवान विनवण्या करायचे, तर हे म्हणायचे, "माझ्याशी भांडू नका. काटा काय म्हनतो तेवढंच मी लिवतो." घरातही तसंच. माणसाच्या शब्दापेक्षा कागदावर यांचा विश्वास जास्त.

त्या हिवाळ्यात कारखान्याच्या मैदानावर एक्स-रेची गाडी आली. कामगारांचे आणि घरच्यांचे छातीचे फोटो फुकट काढणार होते. वसाहतीत बातमी पसरली ती एवढीच, की फोटो काढणार आहेत. झालं! बायकांनी पेटीतली लुगडी बाहेर काढली. शेजारीण पावडर लावून आली. आत्यांनी नथ घातली. मी लग्नातलं जरीकाठाचं पातळ नेसले आणि केसात शेवंती माळली. गाडीतल्या माणसानं आमची रांग पाहिली आणि कपाळाला हात लावला. "बायांनो, चेहरा येत नाही फोटोत! आतली हाडं येतात!" नथ, मंगळसूत्र, सगळं उतरवायला लावलं, वर एकेकीला खरखरीत झगा दिला. आत्या परत येईपर्यंत पुटपुटत होत्या, "हाडाचा फोटू काढायला कशाला पायजे हुती एवढी नटाई!"

गाडीच्या दाराशी टेबल टाकून एक कारकून बसला होता. प्रत्येकीचा एक कागद आणि एक नंबर. नाव, वय, नवऱ्याचं नाव. ते माझ्याऐवजी आत्यांनी सांगितलं. मग त्यानं विचारलं, "आधी छातीचा आजार? फोटो काढला होता कधी?"

आत्या शेजारी उभ्या होत्या. मी म्हणाले, "नाही."

त्यानं लिहिलं. नाही.

आईच्या डोक्यावर हात

खरं असं होतं, की मी तेरा वर्षांची असताना मला क्षय झाला होता. माझं माहेर जामखेडच्या बाजूला. आबांनी, म्हणजे वडिलांनी, मला बार्शीला नेलं. तिथं फोटो निघाला, वर्षभर सुया आणि गोळ्या झाल्या. गावात आईनं सांगितलं, पोर मामाकडे शिकायला ठेवलीय. मी बरी झाले, अंगानं भरले. फोटो पाकिटात घालून आबांनी ट्रंकेच्या तळाला ठेवला. आईला तो चुलीत घालायचा होता. आबा म्हणाले, "डॉक्टरनी ठिवा म्हनलंय. राहू दे."

पाकिटावर बार्शीच्या कंपाउंडरनं लिहिलं होतं, 'कु. शालन'. ते माझं नाव.

लग्न ठरलं तेव्हा आईनं मला ओसरीच्या कोपऱ्यात नेलं आणि माझा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "म्हन, मरेस्तवर कुनाला सांगनार न्हाई." मी म्हणाले. सासरी आले, तर यांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, वैजयंता. सगळ्यांनी वाचलं, पेढे वाटले, मग ताट हलवून तांदूळ डब्यात ओतले. त्या दिवसापासून शालन म्हणून हाक मारणारं माझ्याभोवती कुणी राहिलं नाही. मला वाटलं, शालनबरोबर तिचा आजारही माहेरीच राहिला. बरं झालं.

गाडी गेल्यावर पंधरा दिवसांनी कारखान्याच्या दवाखान्यात चिठ्ठी आली. माझ्या फोटोत डाव्या बाजूला वर डाग. नगरला जाऊन भरती व्हा.

अकरा नंबर

नगरच्या दवाखान्यातला बायकांचा क्षयाचा वॉर्ड मुख्य इमारतीपासून लांब, कडुलिंबाखाली होता. खाट अकरा नंबरची. सिस्टर हाक मारायच्या तीही "अकरा!" अशीच. म्हणजे मला आता तीन नावं झाली होती आणि त्यातलं एकही कामाचं नव्हतं.

सकाळी थुंकीची डबी, मग सुई, मग मूठभर गोळ्या. त्यातल्या काही इतक्या मोठ्या, की गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. दहाला डॉक्टर. तरुण होते, चष्मा लावायचे, माणूस वाईट नव्हता. पण माझ्यापाशी आले की पहिल्यांदा फिल्म उचलायचे, खिडकीकडे धरायचे आणि तिच्याशीच बोलायचे. "थुंकीत काही सापडत नाही. वजन चांगलं आहे. ताप नाही. मग हा डाग कसला?" मी खाटेवर बसून वर बघायची. माझ्याबद्दल सगळं तिथं उजेडात धरलेलं होतं आणि मला कुणी विचारत नव्हतं. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते म्हणा.

एकदा विचारलंही. "आधी कधी फोटो काढला होता? नीट आठवा." मी म्हणाले, "नाही." त्यांनी माझा कागद पाहिला. तिथंही 'नाही' होतं. गाडीतल्या कारकुनाचं 'नाही' कारखान्याच्या डॉक्टरांनी उतरवलं होतं, त्यांचं वॉर्डाच्या कारकुनानं. तीन कागद एकाच तोंडानं खोटं बोलत होते, आणि ते तोंड माझं.

पहिल्या आठवड्यातच सांगून टाकलं असतं, असं आज वाटतं. पण त्याच वेळी माझ्या धाकट्या बहिणीचं, कमलचं, लग्न जुळत आलं होतं. कर्जतकडची मंडळी होती, सुपारी फुटायची बाकी होती. 'थोरलीला लग्नाआधीच क्षय होता' हे एवढं वाक्य बाहेर पडलं, तर कमलच्या दारात कोण उभं राहणार? सासरी येऊन धरला असेल तर तो माझा भोग, माहेरून आणला असेल तर तो घराण्याचा डाग. हिशेब सरळ होता. मी गप्प राहिले की कमल सुटत होती.

शेजारच्या खाटेवर नगरचीच जैनबचाची होती, तांबोळ्याच्या घरातली. दुसऱ्यांदा भरती झालेली, त्यामुळे वॉर्डाची सगळी खबर तिला. ती माझ्या हाताला हात लावायची. ऐकायला साधी गोष्ट आहे. पण त्या दिवसांत सुई देणाऱ्या सिस्टरशिवाय मला शिवणारं माणूस तेवढं एकच होतं. आत्या एकदा आल्या, त्या दारातूनच बोलल्या आणि पदर नाकाला लावूनच गेल्या. हे दर रविवारी येत. शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा आणत, तो स्टुलावर ठेवत आणि खाटेपासून चार हातांवर खिडकीशी उभे राहत.

"बरं हाय का?"

"हाय."

"गोळ्या घेतीस ना?"

"घेते."

मग अर्धा तास आम्ही दोघं कडुलिंबाकडे बघायचो.

घड्याळ

दीड महिना झाला आणि कानात आवाज सुरू झाला. रातकिडा बसावा तसा, बारीक, न थांबणारा. उठून उभी राहिले की वॉर्ड डावीकडे कलायचा. मी आठ दिवस कुणाला सांगितलं नाही. लपवायची सवयच लागली होती. शेवटी मोरीकडे जाताना पडले, तेव्हा जैनबचाचीनंच ओरडून सिस्टरला बोलावलं.

डॉक्टर आले. त्यांनी हातातलं घड्याळ काढलं आणि माझ्या उजव्या कानापाशी धरलं. "टिकटिक ऐकू येते?" येत होती. मग डाव्या कानापाशी नेलं. मी वाट बघत राहिले.

"धरलंय का हो?" मी विचारलं.

त्यांनी घड्याळ माझ्या डोळ्यांपुढे आणलं. सेकंदाचा काटा फिरत होता.

ते पहिल्यांदाच स्टूल ओढून बसले. पहिल्यांदाच फिल्मकडे न बघता माझ्याकडे बघून बोलले. "ही सुई कानावर जाते कधी कधी. थांबवावी, तर डाग नवा असला म्हणजे आजार उसळेल. चालू ठेवावी, तर दुसरा कानही जाईल. डाग नवा की जुना, एवढंच मला कळत नाही बाई. चार-पाच वर्षांपूर्वीचा एखादा फोटो असता, तर शेजारी धरून आत्ता सांगितलं असतं."

ते उठून गेले. मी डोक्यावरून चादर ओढून घेतली. जामखेडच्या ट्रंकेत, जुन्या लुगड्यांखाली, माझा कान पडला होता. एक हाक मारली की येईल, आणि येताना कमलचं लग्न मोडून येईल. त्या चादरीखाली मी किती एकटी होते, हे मला आजही सांगता येत नाही. देवाला सांगावं, तर आईच्या डोक्यावरचा हात त्याच्याच साक्षीनं ठेवलेला.

जैनबचाचीला मात्र सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पान नव्हतं म्हणून नुसतीच सुपारी चघळली. म्हणाली, "पोरी, तुझ्या बहिनीला दुसरा नवरा मिळंल. तुला दुसरा कान कुठं मिळनार हाय?"

रविवार

हे आले, डबा ठेवला, खिडकीशी उभे राहिले.

"बरं हाय का?"

"आधी फोटो काढलाय माझा," मी म्हणाले. "माहेरी हाय, ट्रंकेत."

"कवाचा?"

"तेरा वर्साची हुते तवाचा. बार्शीला काढला. हाच आजार हुता."

बाहेर कुणीतरी हातपंप मारत होतं.

"कुनाकुनाला ठाव हुतं?"

"आईला, आबांला."

"आन् तुला."

"आन् मला."

"कागदावर तर न्हाई म्हनून लिवलंय."

"मीच सांगितलं न्हाई म्हनून."

त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. पाणी प्यायला दिलं तर घेतलं नाही. जाताना एवढंच विचारलं, "पाकिटावर नाव काय हाय?"

"शालन."

तीन वर्षांत ते नाव मी यांच्यापुढे पहिल्यांदा उच्चारलं. यांनी ते ऐकलं आणि गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत. वॉर्डात सगळ्यांकडे कुणी ना कुणी आलं होतं. मी डब्यातला शेवटचा लाडू दिवसभर पुरवून खाल्ला.

नंतरच्या बुधवारी दारात कंपाउंडर येऊन ओरडला, "शालन कोण हाय? हितं शालन कोण?"

सिस्टर म्हणाल्या, "या नावाचं कुणी नाही इथं." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी खाटेचा दांडा धरून उभी राहिले आणि म्हणाले, "मी हाय." जैनबचाची एकटीच हसली.

पाकीट मुख्य इमारतीतल्या खिडकीत देऊन हे तसेच निघून गेले होते. वॉर्डाकडे आले नाहीत. जामखेडची एस.टी. धरून गेले, आबांकडून ट्रंक उघडून घेतली, परत नगर, आणि तिथूनच कामावर. डॉक्टरांनी दोन्ही फिल्मा खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी धरल्या. वेळ असा काही लागलाच नाही. "अहो, तोच डाग आहे! रेघही वाढलेली नाही. जुना व्रण! बाई, हे आधी का नाही सांगितलंत?" ते आनंदानं बोलत होते. मी बरी होते. कदाचित नऊ वर्षं बरीच होते. त्या दिवशी सुई थांबली. उजवा कान वाचला, डावा गेला तो गेलाच.

बाकडं

घरी पोस्टकार्ड गेलं, की पेशंटला घेऊन जा. दुसऱ्याच दिवशी माझ्या नावानंही एक कार्ड आलं, आबांच्या हातचं, पण बोलणं आईचं. 'कर्जतकरांनी नकार कळवला. तू शपथ मोडलीस. इकडे येऊ नये.' बातमीला एस.टी. लागत नाही. हे ट्रंक उघडायला आले होते, एवढं गावाला पुरलं.

पुढचं आधीच सांगून टाकते. कमलचं लग्न दोन वर्षांनी झालं, बिजवराशी. तिनं मला बोलावलं नाही आणि नंतरही कधी दारात आली नाही. ती गेली तेव्हा मला चौथ्या दिवशी कळलं. आई चार वर्षांनी बोलायला लागली, पण माझा हात पुन्हा कधी तिच्या हातात आला नाही. आत्यांनी वर्षभर माझी ताटली वेगळी ठेवली. मी बरोबर केलं का? कान म्हणतो, हो. कमलची आठवण आली की तोच कान गप्प बसतो. मी माहेरच्यांना दोष देत नाही. पण हे असं आहे, आणि जिला अजून खिडकीत उत्तर द्यायचं आहे तिला एवढंच सांगेन, की उशिरा सांगितलेलं खरं फार महाग पडतं. पहिल्याच कागदावर सांग.

तर त्या दिवसांत मी दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसून होते. माझी खाट दुसरीला दिली होती. रात्री वॉर्डात खाली अंथरूण टाकायची परवानगी सिस्टरनी दिली होती. दिवसा बोचकं शेजारी आणि मांडीवर पाकीट. एक दिवस गेला. दुसरा गेला. सिस्टर चहा द्यायच्या आणि काही विचारायच्या नाहीत. माहेर बंद, सासरचं माहीत नाही. तिसऱ्या दिवशी मी ठरवलं, की संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही तर सिस्टरना विचारायचं, वॉर्ड झाडायला बाई लागते का.

दुपारी डाव्या बाजूनं कुणीतरी येऊन उभं राहिलं असावं. मला कळलं नाही. मग ते वळसा घालून उजवीकडे आले आणि पुन्हा म्हणाले, "चल म्हनलं ना."

हे होते. काट्यावरूनच आले होते, बाह्यांवर उसाची चिपाडं होती. मी बोचकं उचललं. यांनी माझ्या हातातलं पाकीट घेतलं आणि वरचं नाव वाचलं. बराच वेळ वाचलं. दोनच तर शब्द होते, तेही 'कु.' धरून. मला वाटलं, आता हे फाडणार. हंगामात दिवसाला शे-दोनशे गाड्यांचं वजन लिहिणारा, काटा म्हणेल त्याच्या पलीकडे एक अक्षर न लिहिणारा माणूस. मी त्याच्या कागदावर तीन वर्षं खोटी बसले होते.

यांनी खिशातलं पेन काढलं, पाकीट बाकड्यावर ठेवलं आणि वाकून 'कु. शालन'च्या खाली, काट्यावरच्या पावतीत लिहावं तशा स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'ऊर्फ सौ. वैजयंता'. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. मग पाकीट माझ्या हातात दिलं.

"हिथून पुढं कुनी इचारलं तर दोनी नावं सांगायची," ते म्हणाले. "चल, एस.टी. सुटंल."